फोटो कोणी निवडला?

मागच्या महिन्यात हिंगणघाटला जाऊन आलो. आजीची पंचाहत्तरी होती. घरात इंजिनिअर मी एकटाच, त्यामुळे प्रिंटर बिघडला, वायफाय गेलं, टीव्हीवर चॅनेल दिसेना, ही सगळी खाती माझ्याकडे. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत यातलं काहीही शिकवत नाहीत, हे घरच्यांना पटवणं मी केव्हाच सोडून दिलंय.) तर यावेळचं काम होतं स्लाइडशो. आजीच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर काढली, त्यात सहाशेच्या आसपास फोटो निघाले. दोन दिवस बसून सगळे स्कॅन केले आणि त्यातले साठ निवडले. निकष एकदम सोपे : हललेले बाद, अंधारातले बाद, ज्यात कोणीच ओळखीचं नाही ते बाद. टीव्ही आडवा आणि जुने फोटो चौकोनी, म्हणून उरलेले वरून-खालून कापून नीट बसवले. गाणी टाकली. पाहुणे खूश, आईच्या डोळ्यांत पाणी, मी कॉलर ताठ करून बसलेलो.

रात्री सगळे गेल्यावर आजी म्हणाली, "माह्या लग्नाच्या फोटोत खाली पोरं बसली होती, ते कुठं गेले?"

मी म्हटलं, "अगं, टीव्हीवर मावत नव्हते, कापले."

"अन् बेबी? बेबी होती ना तिथं, पुढं मांडी घालून."

बेबी म्हणजे आजीची धाकटी बहीण. आजीच्या लग्नानंतर वर्षभरातच काविळीने गेली, दहा वर्षांची असताना. तिचा फोटो हा एवढाच. तिचं नाव मी पूर्वी ऐकलं होतं, पण चेहरा माहीत नव्हता, त्यामुळे ती फोटोत आहे हे मला कळायचा प्रश्नच नव्हता. तो कापायचा निर्णय मी बहुधा चार सेकंदांत घेतला असेल. मूळ फोटो शाबूत होता, स्कॅनही पूर्ण होतं, म्हणजे तसं नुकसान काहीच झालं नाही. आजीने विषय पुढे वाढवला नाही, "जाऊ दे बाप्पा" म्हणून झोपायला गेली. मला मात्र झोप लागेना.

पुण्याला परत येताना रात्रभर गाडीत फोनवर वाचत बसलो. माझ्या डोक्यात असं होतं की फोटोचा इतिहास म्हणजे फोटो काढणाऱ्यांचा इतिहास. पण शंभर फोटोंतून एक निवडणं, तो किती मोठा छापायचा, कुठे कापायचा, शेजारी कोणता लावायचा आणि खाली काय लिहायचं, हे करणारी माणसं वेगळीच असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहिणारा एक आणि रिलीजमध्ये काय जाणार हे ठरवणारा दुसरा. वापरणाऱ्याला दिसतं ते दुसऱ्याने ठरवलेलं.

या धंद्यातला मोठा माणूस एक हंगेरियन निघाला. श्टेफान लोरांट, जन्म १९०१, बुडापेस्टचा. सुरुवातीला मूकपटांसाठी कॅमेरामन होता, पुढे जर्मनीत 'म्युंशनर इलुस्ट्रिएर्ट प्रेस' या सचित्र साप्ताहिकाचा संपादक झाला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि याला तुरुंगात टाकलं. साडेसहा महिन्यांनी, हंगेरीचा नागरिक म्हणून सुटला, १९३४ मध्ये लंडनला पोचला आणि नवख्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. 'वीकली इलस्ट्रेटेड', मग १९३७ मध्ये 'लिलिपुट', आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये 'पिक्चर पोस्ट'. हे शेवटचं साप्ताहिक काही महिन्यांतच दहा लाखांच्या पुढे खपायला लागलं. त्याच वर्षी ३ डिसेंबरच्या अंकात स्पेनच्या यादवी युद्धाचे फोटो पानंच्या पानं छापले गेले आणि फोटोग्राफरला 'जगातला सर्वांत मोठा युद्ध-छायाचित्रकार' म्हणून टाकलं. तो फोटोग्राफर म्हणजे रॉबर्ट कापा, तोही हंगेरियनच! आज कापाचं नाव निदान कॅमेऱ्याची आवड असणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. लोरांटचं नाव मी तरी त्या रात्रीपर्यंत ऐकलं नव्हतं. पुढे १९४० मध्ये तो अमेरिकेला गेला, चित्रमय चरित्रं आणि शहरांची पुस्तकं काढत राहिला आणि १९९७ मध्ये वारला.

लोरांटची खुबी मला आवडली ती अशी की मोठ्या माणसांचे भाषण करतानाचे, हार घालतानाचे फोटो त्याला नको असत. ती माणसं जेवतात कशी, हसतात कशी, बसतात कशी, हे त्याला हवं असे. आणि इथेच मी गाडीत उठून बसलो, कारण या पद्धतीचं एक गाजलेलं उदाहरण आपल्याकडचं आहे. १९३० मध्ये त्याच्या जर्मन साप्ताहिकासाठी वाल्टर बोसहार्ड नावाचा स्विस फोटोग्राफर भारतात आला आणि मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी दांडीला जाऊन गांधीजींना भेटला. त्याने काढलेले फोटो बघा : गांधीजी वाचताहेत, जेवताहेत, दाढी करताहेत, मोठ्याने हसताहेत, जमिनीवर झोपलेत. मे १९३० मध्ये ते म्युनिकमध्ये छापून आले. तोवर, म्हणजे ५ मेला, गांधीजींना अटक झाली होती. जर्मन वाचक त्यांना निवांत हसताना बघत होते तेव्हा ते येरवड्याच्या तुरुंगात होते.

आता मूळ मुद्दा. एक हंगेरियन संपादक आणि एक स्विस फोटोग्राफर एका भेटीत एवढं करून गेले. पण ज्या माणसाने दहा वर्षं गांधीजींचे असेच घरगुती फोटो काढले, तो तर आमच्या वर्धा जिल्ह्यात, आमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर राहत होता. त्याचे फोटो कोणी निवडले?

आमच्या हिंगणघाटबद्दल बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. कापूस, कापडगिरणी, वणा नदी आणि नागपूर-हैदराबाद हायवे, संपलं. (ज्याने अख्खा हिंदुस्थान मोजायला काढला तो विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी आमच्याच गावात वारला आणि त्याची कबर इथे आहे, हे मी प्रत्येक नव्या टीममध्ये एकदा तरी सांगतो. कोणावरही काही परिणाम होत नाही.) सेवाग्राम मात्र सगळ्यांना माहीत असतं. आमची शाळेची सहल दर दोन वर्षांनी तिथेच. मातीच्या भिंती, कौलं, आत शिरताना वाकावं लागेल असा दरवाजा, आणि ऐन दुपारीही आत गार, थोडा अंधार. तो अंधार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आबाजींच्या खोलीत एका जिनिंग-प्रेसिंगवाल्याने दिलेलं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी त्यातलं गांधीजींचं चित्र कापून त्यांनी फ्रेम करून घेतलं होतं. गांधीजी टेलिफोन कानाला लावून बसलेत. लहानपणी मी विचारायचो, "बापू कोणाशी बोलून राहिले?" आबाजींचं उत्तर ठरलेलं, "तुह्या मास्तरशी. अभ्यास करत नाही म्हणून सांगून राहिले." तीस-पस्तीस वर्षं ते चित्र आमच्या भिंतीवर होतं, पण ते कोणी काढलं हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. कॅलेंडरवर जिनिंगवाल्याचं नाव ठळक छापलेलं होतं, फोटोग्राफरचं नव्हतं.

तो फोटो कनू गांधी यांचा. सेवाग्रामच्या कार्यालयात काढलेला.

कनूभाई म्हणजे गांधीजींचे पुतणे नारणदास गांधी यांचे चिरंजीव, जन्म १९१७. सेवाग्राम आश्रमात हिशेब, पत्रव्यवहार असली कामं करायचे आणि प्रार्थनेला भजनं म्हणायचे. फोटोग्राफीची कल्पना डोक्यात भरवण्यात विनोबांचे भाऊ शिवाजीराव भावे यांचा हात होता असं सांगतात. पण कॅमेऱ्याला पैसे हवेत आणि बापूंचं उत्तर सरळ होतं : आश्रमाकडे यासाठी पैसे नाहीत. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले आणि त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा व फिल्मचा एक रोल आला. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मी तुझ्यासाठी कधीही पोज देणार नाही. आणि आश्रम तुझ्या फोटोंसाठी एक पैसा देणार नाही.

या तीन अटींचा विचार तांत्रिक अंगाने केला की मजा येते. रोलिफ्लेक्स म्हणजे दोन भिंगांचा, छातीशी किंवा पोटाशी धरून वरून काचेत बघायचा कॅमेरा. तो डोळ्याला लावत नाहीत, त्यामुळे फोटोग्राफरचा चेहरा झाकला जात नाही आणि समोरच्याला आपल्यावर काहीतरी रोखलंय असं वाटत नाही. चित्र चौकोनी येतं आणि एका रोलमध्ये बाराच. आता फ्लॅश नाही म्हटल्यावर त्या मातीच्या खोलीत दारातून, खिडकीतून जेवढा उजेड येईल तेवढाच. आपल्या फोनसारखं सेटिंग वाढवून रात्रीचा दिवस करायची सोय नव्हती, त्या काळातल्या फिल्मला भरपूर उजेड लागायचा. म्हणजे शटर हळू ठेवायचं, आणि गांधीजी तर एक क्षण स्वस्थ बसणारे नव्हेत, शिवाय पोज देणार नाहीत. मग हात हललेला येणार, चेहरा अंधारात जाणार, माणूस पाठमोरा असणार. पैसे नाहीत म्हणजे फिल्म जपून. आपण एका वाढदिवसाला चारशे फोटो काढतो आणि निवड नंतर करतो (किंवा करतच नाही, क्लाउडवर जागा विकत घेतो). कनूभाईंना बटण दाबायच्या आधी निवड करावी लागत होती.

खर्च भागवण्यासाठी ते फोटो वर्तमानपत्रांना विकायचे. म्हणजे फोटोग्राफर तेच, निवडणारे तेच आणि विकणारेही तेच. लोरांटसारखा कोणी टेबलापलीकडे बसून "हा नको, याच्या आधीचा दाखव" म्हणणारा नव्हता. वर्तमानपत्रांना हवा असे तो बातमीचा फोटो : नेहरू आले, मौलाना आझाद आले, वर्किंग कमिटी भरली. बाकीचे फोटो कनूभाईंकडेच राहिले.

आणि खरा माल त्या बाकीच्यांत आहे. उदाहरणार्थ परचुरे शास्त्री. हे संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगाने ग्रासलेले, १९३९ मध्ये सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमातच कुटी बांधून दिली आणि स्वतः त्यांची शुश्रूषा करायला लागले. त्याचे फोटो कनूभाईंनी काढलेत. पुढे त्यांचाच १९४० मधला एक फोटो आहे ज्यात गांधीजी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कुष्ठरोगाचे जंतू बघताहेत. गांधीजी विज्ञानाच्या विरोधात होते असं कोणी ऑफिसच्या कँटीनमध्ये बोलायला लागलं की मी हा फोटो पुढे करतो, वाद मिटतो असं नाही, पण चहा पिऊन होईपर्यंत शांतता राहते :)

एकदा मात्र गांधीजींनी त्यांना चक्क अडवलं. फेब्रुवारी १९४४, पुण्याचा आगाखान पॅलेस. गांधीजी आणि कस्तुरबा दोघेही तिथे स्थानबद्ध, बा अखेरच्या आजारात. शुश्रूषेला मदत म्हणून कनूभाईंना तिथे राहू दिलं होतं. २२ फेब्रुवारीला बा गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून गेल्या, त्या क्षणाचा फोटो त्यांनी काढू दिला नाही. नंतर, देह खाली ठेवल्यावर, समोर बसलेल्या गांधीजींचा फोटो आहे. मी आगाखान पॅलेसला चार-पाच वेळा गेलोय, पाहुणे आले की नेतोच. बांच्या खोलीपाशी उभं राहिलं की दरवेळी तो न काढलेला फोटो आठवतो. नाही म्हणणाऱ्याचं ऐकून कॅमेरा खाली ठेवणं हाही त्या नोकरीचा भाग होता. म्हणजे नोकरी कसली, पगार तर नव्हताच.

दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, पुण्यातच दुसरी गोष्ट घडली, आणि निवडणाऱ्याचं काम काय असतं हे समजायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नाही. अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्यासोबत फोटो काढायला आली. तिने पुढे लिहून ठेवलंय की आधी तिला सूत कातायला शिकवलं, मगच आत सोडलं. त्या दिवशी बापूंचं मौन, आत अंधार, आणि फ्लॅशचे दिवे फक्त तीन वापरायला परवानगी. (नियम नियम म्हणतात ते पाहुण्यांसाठी थोडे वाकतात, कनूभाईंना काय वाटलं असेल?) दोन फ्लॅश वाया गेले, तिसरा जमला. चरखा पुढे, गांधीजी मागे काहीतरी वाचताहेत. हा फोटो तुम्ही बघितलेला आहे. नाही म्हणूच नका.

पण २७ मे १९४६ च्या 'लाइफ'मध्ये तिने काढलेल्या फोटोंसह भारतीय नेत्यांवर मोठा लेख आला, त्यात हा फोटो नव्हताच! महिनाभराने गांधीजींच्या निसर्गोपचाराच्या आवडीवर एक लेख आला, त्याच्या डोक्यावर हा लहानसा छापला. झालं, विषय संपला. तो फोटो परत बाहेर आला फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतरच्या श्रद्धांजलीच्या पानांवर, आणि यावेळी मोठा. फोटो तोच. १९४६ मध्ये तो निसर्गोपचाराच्या लेखाची सजावट होता, १९४८ मध्ये एका आयुष्याचं चित्र झाला. मधल्या दीड-दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या एका टेबलावर कोणीतरी तो पुन्हा हातात घेतला, एवढंच घडलं.

कनूभाईंच्या फोटोंचं तेव्हा काय चाललं होतं? ३० जानेवारी १९४८ ला ते दिल्लीत नव्हतेच, नोआखालीत होते. दंगलीनंतर शांततेच्या कामासाठी गांधीजींनी त्यांना तिकडे ठेवलं होतं. त्यांची पत्नी आभाबेन (लग्न १९४४ मध्ये, आश्रमातच वाढलेल्या) त्या संध्याकाळी गांधीजींच्या शेजारी चालत होत्या, गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा आभा आणि मनू दोघीच अगदी जवळ होत्या. फोटो मात्र कोणाचे? फ्रान्सचा ऑंरी कार्तिए-ब्रेसों त्याच दुपारी गांधीजींना भेटून गेला होता. बातमी कळताच तो परत फिरला, आणि त्याचे आणि बर्क-व्हाइटचे फोटो जगभर गेले. कार्तिए-ब्रेसोंच्या पाठीशी मॅग्नम ही संस्था होती, जी त्याने, आपल्या त्या कापाने आणि इतरांनी वर्षभरापूर्वीच काढली होती. फोटोग्राफर फोटो काढणार, संस्था ते निवडून, मजकूर लावून, नाव टाकून साप्ताहिकांना देणार आणि हक्क फोटोग्राफरकडे राहणार. फोटोंवर नाव राहायचं असेल तर अशी यंत्रणा लागते. कनूभाईंकडे होती फक्त निगेटिव्हची पेटी.

ते आणि आभाबेन पुढे राजकोटला गेले, तिकडे ग्रामसेवेचं काम करत राहिले. १९८६ मध्ये कनूभाई गेले, तोवर त्यांचे कित्येक फोटो लाखो भिंतींवर लागलेले होते. नावाशिवाय.

नाव गेलं तरी फोटो टिकले, याचं श्रेय मधल्या काळातल्या काही माणसांना द्यावं लागेल. आपल्याकडचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. गांधीजींच्या पंचाहत्तरीला, म्हणजे २ ऑक्टोबर १९४४ ला, 'गांधीजी : हिज लाइफ अँड वर्क' हा भरभक्कम सचित्र ग्रंथ निघाला. (पंचाहत्तरीला फोटो गोळा करायची आपली परंपरा जुनी आहे तर!) संपादकांत होते दीनानाथ गोपाळ तेंडुलकर आणि विठ्ठलभाई झवेरी. याच जोडीने पुढे १९५१ ते १९५४ मध्ये 'महात्मा' हे चरित्र आठ खंडांत काढलं : लिहिलं तेंडुलकरांनी, फोटो झवेरींनी जमवले. झवेरी तिथे थांबले नाहीत. वर्षानुवर्षं गांधीजींचे फोटो आणि चित्रफिती गोळा करत राहिले आणि १९६८ मध्ये त्यातून पाच तासांहून लांब कृष्णधवल चित्रपट केला. लेखन, दिग्दर्शन, निवेदनाचा आवाज, सगळं त्यांचंच. मी तो दोन वीकेंडमध्ये मिळून पाहिला. चित्रपट म्हणून तो संथ आहे, खोटं कशाला बोलू. पण एकेका फोटोची जागा ठरवताना त्या माणसाने किती पुरवणी काम केलं असेल हे प्रत्येक मिनिटाला जाणवतं. माझ्या मते भारतात फोटो एडिटर किंवा क्युरेटर हे शब्द रुळायच्या आधी हे काम खऱ्या अर्थाने त्यांनीच केलं.

यातही एक गंमत राहतेच. जमवणाऱ्याने फोटो वाचवले, आणि आज त्यांतल्या कितीतरी फोटोंखाली श्रेय म्हणून छापून येतं ते झवेरींचं नाव. काढणारा कोण होता ते पुसलं गेलंय. कुणावर दोष ठेवायचा? त्यांनी गोळा केले नसते तर पुसायलाही काही उरलं नसतं.

आणि मजकुराची चूक तर फारच सहज होते. जुहूच्या वाळूत एक लहान मुलगा काठीचं टोक धरून बापूंना ओढत नेतोय, हा फोटो आठवतो? तो मुलगा म्हणजे रामदास गांधींचा मुलगा, गांधीजींचा नातू. त्याचंही नाव कनू! त्यामुळे हा कनू आणि कॅमेरावाले कनू यांची नेहमी गल्लत होते. २०१६ मध्ये ते सुरतला वारले तेव्हा बऱ्याच बातम्यांत हा फोटो दांडीयात्रेचा म्हणून छापला गेला. दांडीयात्रा १९३० मधली, तेव्हा हा मुलगा जेमतेम चालायला शिकला असेल. फोटो १९३७ चा आणि मुंबईचा. समुद्र दिसला, काठी दिसली, म्हणजे दांडी. फोटोखालची ओळ लिहिणाऱ्याने एकदा वजाबाकी केली असती तर चूक टळली असती. (आमच्याकडे याला 'टेस्ट केस लिहिली नाही' म्हणतात.)

कनूभाईंच्या फोटोंना त्यांचं नाव परत मिळायला बराच काळ गेला. पीटर रूहे नावाच्या जर्मन माणसाने गांधीजींच्या फोटोंचा संग्रह उभा करताना त्यांचं काम जमवलं आणि नावानिशी पुढे आणलं. मग २०१५ मध्ये दिल्लीच्या नझर फाउंडेशनने 'कनूज गांधी' हे पुस्तक काढलं. फोटो निवडले प्रशांत पंजियार आणि संजीव सैथ यांनी. पंजियार स्वतः वृत्तछायाचित्रकार, 'आउटलुक'मध्ये काम केलेले, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू ठाऊक असलेला माणूस. फोटो एकूण ९२.

मला या निवडीबद्दल जास्त बोलायचंय. त्यांना 'चांगले' ९२ सहज काढता आले असते : स्वच्छ, उजेडातले, चेहरा समोर. त्यांनी तसं केलं नाही. पाठमोरे गांधीजी आहेत, अर्धे अंधारात बुडालेले आहेत, चेहऱ्यापेक्षा आजूबाजूची माणसंच जास्त दिसतात असे आहेत. १९४० मध्ये कोणत्याही वर्तमानपत्राने "हा हललाय" म्हणून परत पाठवला असता असे फोटो पूर्ण पानावर आहेत. फ्लॅश न वापरल्याचा, पोज न दिल्याचा परिणाम त्यांनी लपवला नाही. त्या तीन अटी तुम्हाला फोटोतच दिसतात. पुस्तक पाहताना सेवाग्रामच्या कुटीतला तो गार अंधार मला जसाच्या तसा ओळखू आला, शाळेच्या सहलीतला. चकचकीत, उजळ केलेल्या कॅलेंडरच्या चित्रात तो कधीच नव्हता.

म्हणजे लोरांटने जे १९३० मध्ये म्युनिकसाठी केलं, ते कनूभाईंसाठी करायला माणूस २०१५ मध्ये मिळाला. ते जाऊन २९ वर्षं झाली होती. त्यांनी स्वतः यातले कोणते ९२ निवडले असते? कदाचित भजनाचे जास्त घेतले असते. कदाचित आभाबेनचे.

असो. मी परवा पुन्हा दोन दिवसांची रजा टाकून घरी गेलो. मॅनेजरला कारण सांगितलं "कौटुंबिक", जे खरंच होतं. लॅपटॉप उघडला नाही. पेटी काढली, आजीला शेजारी बसवलं आणि पेन्सिल घेतली (पेनची शाई पुढच्या बाजूला फुटते, हे वाचलेलं कामी आलं). मी बाद केलेल्या पाचशे चाळीसपासून सुरुवात केली. ज्या फोटोंना मी 'कोणीच ओळखीचं नाही' म्हणून वगळलं होतं, त्यांतल्या दर दुसऱ्या फोटोत आजीचं कोणी ना कोणी निघालं. एक हललेला फोटो मी दोनदा बाजूला सारला, तो आबाजींनी स्वतः काढलेला होता म्हणे, मित्राचा कॅमेरा मागून आणून. "त्याइचे हातच थरथरत होते, पह्यल्यांदाच धरला होता ना," असं सांगून आजी कितीतरी वेळ हसत होती. त्याच्या मागे मी फोटोग्राफरचं नावही लिहिलं.

लग्नाच्या फोटोच्या मागे बारा नावं झाली. खालच्या रांगेत डावीकडून तिसरी, मांडी घालून, कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघणारी.

"भलतीकडं काऊन पाहते ही?" मी विचारलं.

"तिकडं बुंदी पाडून राहिले होते," आजी म्हणाली.

तेही लिहिलं. दोन दिवसांत दोनशे अकरा झाले, उरलेले दिवाळीत.